‘नवीनच घ्या’ हे निदान नव्हे

घरातला संगणक अडला की आपल्याकडे एक ठरलेला सल्ला मिळतो. पाच वर्षं झाली ना, मग त्यात आता पैसे घालू नका, नवीनच घ्या. दुकानाच्या काउंटरवर हेच ऐकू येतं, आयटीत नोकरी करणारा पुतण्या फोनवर हेच सांगतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारलं तरी उत्तर तेच. जोडीला एक ताकीद असते: स्वतः उघडायच्या फंदात पडू नका, ते तज्ज्ञांचं काम आहे.

सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सल्ल्याबद्दल आहे. त्यात बरीच वेगवेगळी विधानं एका गाठोड्यात बांधलेली आहेत. जुनं यंत्र आपोआप संथ होतं, ते उघडणं धोक्याचं असतं, उघडलं की वॉरंटी जाते, दुरुस्तीचा खर्च फुकट जातो. एकेक सुटं करून तपासलं तर यातलं फारच थोडं टिकतं. आणि या सल्ल्याने होणारं सगळ्यात मोठं नुकसान तर हिशेबाच्या वहीत दिसतच नाही. ज्या घरात यंत्राचं झाकण काढून आत पाहणारं एकही माणूस नाही, त्या घराला समोरचा सांगेल ते निदान मान्य करावं लागतं. ‘बोर्ड गेलाय’ म्हटलं की बोर्ड गेला. पडताळायला हाताशी काही नसतं. घरी दुरुस्ती शिकावी असं मी म्हणतो ते मुख्यतः या पडताळणीसाठी. पैसे वाचतात, ते त्याच्यामागून.

‘जुना झाला म्हणून संथ झाला’ हे वाक्य आधी घेतो, कारण नव्या संगणकाची बरीच खरेदी याच वाक्यावर होते. प्रोसेसर असा म्हातारा होत नाही. २०१७ साली तो सेकंदाला जितकी कामं उरकत होता तितकीच आजही उरकतो. मग संथ काय झालं? त्या सुमारास आपल्याकडे विकल्या गेलेल्या लॅपटॉपांची ठरावीक मांडणी आठवून पाहा: आय-थ्री किंवा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. ‘वन टीबी’ हे शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असायचे. त्या डिस्कच्या आत मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, आणि ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहाएक. इकडून थोडं, तिकडून थोडं असं विखुरलेलं वाचायचं असेल तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वेळा वाचू शकते.

घेतला तेव्हा तो लॅपटॉप बरा चालला, कारण विंडोज आणि दोन-चार टॅब ४ जीबीत मावत होते. पुढे विंडोज वाढत गेलं, ब्राउझर फुगले, मुलांचे ऑनलाइन वर्ग आले. रॅम भरली की विंडोज त्यातला लगेच न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. ही सगळी ने-आण त्या साठ-सत्तर वेळा वाचणाऱ्या तबकडीवरून होते. म्हणून माउस हलवला तरी बाण हलत नाही आणि घरातले म्हणतात, ‘हँग झाला.’ कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात दहा-पंधरा टक्के दिसत असतील, तर निदान तुमच्यासमोर आहे. प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतो आहे. या निदानाला एक रुपया लागत नाही आणि झाकणही काढावं लागत नाही. तरीही ‘प्रोसेसर जुना झाला’ असं सांगून त्याच लॅपटॉपाच्या जागी नवा खपवला जातो.

उपाय म्हणजे डिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅमची आणखी एक पट्टी. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तीच विखुरलेली वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच आकाराची असते आणि तिच्याच खाचेत बसते. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून देणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. नक्कल रात्री लावून झोपावं. रॅमच्या बाबतीत एकच काळजी घ्यायची. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं असतं, त्यामुळे बसवलेली पट्टी काढून तिच्यावरचा मजकूर वाचायचा आणि तशीच मागायची. पट्टी उलटी बसतच नाही. तशी बसू नये म्हणूनच खाच मध्यापासून सरकवलेली असते. ज्यांनी हे बनवलं त्यांनी सामान्य माणसाचा हात गृहीत धरला होता.

आता कोणी म्हणेल, रॅम आणि एसएसडी दोन्ही महागली आहेत. खरं आहे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपांची मागणी इतकी वाढवली की भाव भराभर चढले, आणि मायक्रॉनसारख्या कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला ब्रँडच आवरायचं जाहीर केलं. पण नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा त्यात याच चिपा असणार आणि त्यांचा भाव बिलात लपलेला असणार. मेमरी महाग झाली म्हणून मेमरीसकट सगळंच नवं घ्यावं, हा युक्तिवाद मला कधी कळलेला नाही. असल्या दिवसांत तर घरातल्या जुन्या, बंद लॅपटॉपामधली चांगली पट्टी काढून दुसऱ्यात बसवता येणं जास्तच मोलाचं.

निदानाचा मुद्दा मी इतका का लावून धरतो ते आणखी एका उदाहरणाने सांगतो. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेच्या डेस्कटॉपवर बँकेचं संकेतस्थळ उघडेना. ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी लाल पाटी यायची. दुकानदाराने व्हायरस आहे म्हणून फॉरमॅट मारला, फोटो गेले, आणि आठवड्याभरात पाटी परत आली. पुन्हा फॉरमॅट झाला. शेवटी बोर्ड बदलावा लागेल असं सांगण्यात आलं. त्या बोर्डावर सीआर-२०३२ नावाची तीन व्होल्टची, रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती संपली की संगणक रोज सकाळी बोर्ड बनला त्या वर्षात जागा होतो. बँकेच्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि संगणकाच्या तारखेनुसार ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली असती तरी उलगडा झाला असता. घड्याळाच्या दुकानात मिळणारी ती बॅटरी पन्नास रुपयांच्या आसपास येते. त्या दुकानदाराला हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे मी ठरवू शकत नाही. फोटो मात्र परत आले नाहीत.

असे प्रकार किती तरी आहेत. चालू केल्यावर पंखा फिरतो, पडद्यावर काही येत नाही, नुसती शिटी वाजते, तेव्हा पुष्कळदा रॅमची पट्टी खाचेत सैल झालेली असते किंवा तिच्या सोनेरी कडेवर मळ धरलेला असतो. कोकणाच्या दमट, खाऱ्या हवेत हे जास्त होतं. पट्टी काढून कड मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसायची, कण झटकायचे आणि दोन्ही बाजूंचे क्लिप ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवायची. दुपारी चालू असताना आपोआप बंद पडतो, तर पंख्याच्या मागच्या जाळीत धुळीचा थर आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असण्याची शक्यता मोठी. तापला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर यंत्र बंद करतो. युपीएस वीज गेल्यावर दोन मिनिटंही टिकत नाही, तर तो फेकायचं कारण नाही. त्यातली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी सुटी मिळते, दोन वायरी काढून घालायच्या असतात, लाल जागी लाल आणि काळ्या जागी काळी. कुकरची रिंग बदलायला आपण कोणी कंपनीत जात नाही.

धोक्याचं बोलू, कारण या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते नेमकं कुठे आहे हे सांगितलंच पाहिजे. डेस्कटॉपाच्या कॅबिनेटमध्ये बोर्डाला, डिस्कला, पंख्याला मिळणारी वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टची असते. तिने माणसाला शॉक बसत नाही. २३० व्होल्ट येतात ते मागच्या कोपऱ्यातल्या एसएमपीएसच्या बंद डब्यात. त्या डब्यात एसीची डीसी होते तेव्हा एका मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. म्हणून तो डबा उघडायचा नाही. बिघडला तर आख्खा बदलायचा, चार स्क्रू असतात. लॅपटॉपाची बॅटरी फुगली असेल तर ती टोचायची नाही, वाकवायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. काढून घराबाहेर सुरक्षित जागी ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. संगणकाच्या आत धोका या दोन जागी आहे. डेस्कटॉपाच्या बाकीच्या भागासाठी प्लग काढणं, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवणं आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करून अंगावरची स्थितिक वीज उतरवणं एवढं पुरतं. थंडीत, कोरड्या हवेत हे शेवटचं विसरू नये. पूर्वी टीव्ही आणि जाडजूड मॉनिटर घराघरांत होते, त्यांच्या आत हजारो व्होल्ट असायचे आणि ‘मागचं झाकण उघडू नकोस’ हे तेव्हाच्या आईवडिलांचं सांगणं बरोबरच होतं. तो मॉनिटर गेला. भीती तेवढी मागे राहिली.

आणि एक शॉक असा आहे की ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात अशी तक्रार असंख्य घरांत आहे. ‘पॉवर सप्लाय लीक आहे, बदला’ असं सांगितलं जातं. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसारखे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. त्यातून झिरपणारी किंचित वीज अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. घराच्या सॉकेटला अर्थिंगची तार नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कोणी कापून टाकली असेल, तर ती वीज पत्र्यावरच बसते. एसएमपीएस नवा घातला तरी झिणझिण्या येणारच, कारण दोष भिंतीत आहे. तो वायरमनला बोलावून काढून घ्यायचा. ज्याने कधी झाकण उघडलं नाही, पत्रा आणि प्लग यांचं नातं पाहिलं नाही, त्याला हे कोण सांगणार? ‘धोका आहे, हात लावू नका’ या उपदेशाने खरा धोका वर्षानुवर्षं तसाच राहतो.

वॉरंटीवर फार शब्द खर्च करायचं कारण नाही. पाच वर्षांच्या यंत्राला बहुधा ती नसतेच, त्यामुळे ‘नवीनच घ्या’ या सल्ल्याशी तिचा संबंध लागत नाही. वॉरंटी चालू असेल तेव्हा तिची कलमं वाचा. रॅम आणि डिस्क बदलायची मुभा पुष्कळ कंपन्या देतात. अमेरिकेत तर ‘स्टिकर फाटला की वॉरंटी गेली’ असं लिहिणाऱ्या कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली लेखी इशारा दिला होता.

सध्या ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्यांच्या हातात सर्वांत मोठं हत्यार आहे ते विंडोजचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. २०१७ साली घेतलेलं, उत्तम चालणारं, भरपूर ताकदीचं यंत्र एका यादीत नाव नाही म्हणून बाद. सुरक्षेच्या सुधारणा थांबलेलं विंडोज बँकेच्या कामाला वापरत राहा, असं मी म्हणणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘यंत्र फेका’ हा नाही. आधी यंत्र खरंच यादीबाहेर आहे का ते पाहा. आठव्या पिढीच्या आणि पुढच्या कित्येक संगणकांत विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० हे सुरक्षेचं साधन असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू केलं की ‘हा संगणक चालणार नाही’ म्हणणारी पाटी जाते. खरंच बाहेर असेल, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय ठेवलेली आहे. आणि त्याआधी, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट किंवा उबुंटू चालवून पाहा. डिस्कला हात न लावता ते चालतं. ब्राउझर, बँक, व्हिडिओ, लिब्रे ऑफिस, इन्स्क्रिप्टने मराठी टायपिंग हे सगळं त्यावर होतं. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप, काही डिजिटल सहीची टोकनं यांच्यावर ज्याचं पोट आहे त्याला ते पुरणार नाही, हे मी आधीच सांगतो. पण घरचा संगणक म्हणून त्यावर जे होतं ते बहुतेक या दुसऱ्या यादीत येत नाही.

पोटाचा विषय निघाला म्हणून मराठी छपाईचं उदाहरण द्यायलाच हवं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, तालुक्याच्या साप्ताहिकाची पानं लावणारे कित्येक डीटीपी ऑपरेटर आजही पेजमेकर ७ वर श्रीलिपीच्या फॉण्टात काम करतात. पेजमेकरची ती आवृत्ती २००१ ची. वीस वर्षांच्या फायली, ग्राहकांचे साचे आणि हाताला बसलेला कीबोर्ड सगळं त्या जोडीत अडकलेलं आहे, आणि सॉफ्टवेअरचं लॉक यूएसबीच्या त्या एका डोंगलमध्ये. युनिकोडकडे जायला हवं हे त्यांनाही कळतं आणि हळूहळू ते जातही आहेत. पण आज संध्याकाळी पत्रिका छापून द्यायची आहे. अशा माणसाला ‘आउटडेटेड आहे, नवीन घ्या’ म्हणणं म्हणजे त्याचं दुकान काही आठवडे बंद ठेवायला सांगणं. त्याचा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, एसएसडी घालून, बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर बदलून आणखी पाच वर्षं चालवता येतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कित्येक बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर बसवले गेले होते, त्यांची डोकी फुगतात. फुगलेलं डोकं डोळ्यांनी दिसतं. ते बदलायला सोल्डरिंगचा हात लागतो, ते काम जाणत्याकडे द्यावं. पण ‘कपॅसिटर फुगलेत, तेवढे बदलून द्या’ असं सांगत दुकानात शिरणारा आणि ‘बंद पडलाय, बघा’ म्हणत शिरणारा, या दोघांना मिळणारी वागणूक वेगळी असते.

यातूनच एक आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. सगळे घरीच दुरुस्ती करू लागले तर तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला कसा जगणार? मला त्याची काळजी आहे. पण त्याचं गिऱ्हाईक कोण तोडतं आहे ते पाहा. धूळ झटकण्याचे आणि फॉरमॅट मारण्याचे पैसे ज्याचा आधार आहे, त्याचा आधार नव्या लॅपटॉपाच्या एक्स्चेंज ऑफरने केव्हाच काढून घेतला. ज्याच्या हातात खरी कला आहे, बोर्डावरचा शॉर्ट शोधणारा, आयसी बदलणारा, हॉट एअरवर रिबॉलिंग करणारा ‘चिप लेव्हल’चा माणूस, त्याच्याकडे काम यायला गिऱ्हाईकाच्या मनात आधी एवढं यावं लागतं की ही वस्तू दुरुस्त होऊ शकते. रॅम स्वतः बदललेल्या माणसाला हे पटलेलं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या माळ्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास अशा कारागिरापर्यंत तो पोचतो, आणि त्याच्या दोन तासांचे पैसे घासाघीस न करता देतो, कारण काम किती नाजूक आहे हे त्याने आतून पाहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट. संगणक बाहेर द्यावाच लागला तर ज्याला झाकण उघडता येतं तो डिस्क काढून घरी ठेवतो. बहुतेक बिघाडांच्या तपासणीला डिस्क लागत नाही. तिच्यावर घरातल्या सगळ्यांचे आधार, पासबुकं, मुलींचे फोटो असतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा प्रत्येक घरातल्या एका बाईला तरी डिस्क काढता आलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

‘जुना संगणक वीज जास्त खातो’ याचा हिशेब कागदावर करून पाहा. समजा तो नव्यापेक्षा ४० वॅट जास्त घेतो आणि रोज चार तास चालतो. वर्षाला ५८ युनिट होतात, दहा रुपये दराने ६०० रुपयांच्या आत. चाळीस हजारांची खरेदी या बचतीतून वसूल व्हायला साठाहून जास्त वर्षं लागतील. उलट बाजू वजनदार आहे. संगणकाच्या आयुष्यभरातल्या कार्बनचा मोठा हिस्सा तो बनतानाच हवेत गेलेला असतो. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम आहेत, तरी दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये तांब्यासाठी बोर्ड जाळणारे, आम्लात बुडवणारे हात उघडेच आहेत. एक्स्चेंजमध्ये दिलेल्या यंत्राचं पुढे काय झालं, हे देणाऱ्याला कोणी कळवत नाही.

‘हे सगळ्यांना जमणार नाही’ असं म्हणतात. सगळ्यांना जमायची गरजच नाही. एका कुटुंबात, एका इमारतीत एकाला जमलं तरी पुष्कळ झालं. पण तो एक तयार कुठे होतो? महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम चालतो, लाखो लोकांनी तो केला, कित्येक सरकारी पदांसाठी त्याचं किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं. त्याने माउसची भीती घालवली, हे मोठं काम झालं. पण मी पाहिलेल्या केंद्रांत रॅमची व्याख्या परीक्षेपुरती पाठ होते, रॅमची पट्टी कोणाच्या हातात येत नाही, आणि कोपऱ्यात बंद पडलेले दोन-तीन संगणक कपड्याखाली झाकलेले असतात. तेच बाहेर काढावेत. एका बॅचला एक दिवस द्यावा, प्रत्येकाने पट्टी काढून बसवावी, डिस्क काढून बसवावी, बॅटरी बदलून तारीख लावावी. त्यासाठी एक स्टार स्क्रू ड्रायव्हर लागतो.

उरला शेवटचा आक्षेप, आणि यात ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्यांची बाजू दरवर्षी भक्कम होते आहे. आता लॅपटॉपामध्ये काढण्यासारखं राहिलंच काय? रॅम बोर्डाला सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली. हे खरं आहे, आणि म्हणूनच मला राग येतो. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला तेव्हा त्यात बाहेरची कार्डं घालण्यासाठी पाच खाचा होत्या, आणि त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा आख्खा प्रोग्रॅम छापलेला होता. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं आणि कोणत्याही कंपनीचा बोर्ड, कोणाचंही कॅबिनेट, तिसऱ्याच कोणाचा एसएमपीएस एकमेकांत बसू लागले. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ‘असेंबल्ड’ पीसी हजारो मराठी घरांत आला तो या मोकळेपणामुळे. कित्येकांचा पहिला संगणक तोच होता, ब्रँडेड घ्यायची ऐपत नव्हती. आज दुरुस्तीवाल्याला सर्किटची आकृती हवी तर ती कुठून तरी फुटलेली, चोरून फिरणारी मिळवावी लागते.

सोल्डर करण्यामागे काही ठिकाणी तांत्रिक कारण आहे. कमी विजेवर चालणारी वेगवान मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते. पण ‘पातळ यंत्रात खाच मावत नाही’ हे कारण आता पुरत नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-टू हे स्क्रूने बसणाऱ्या पातळ मेमरीचं मानक प्रसिद्ध केलं आणि २०२४ मध्ये थिंकपॅडच्या एका मॉडेलात ती आलीसुद्धा. करायचं ठरवलं तर होतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्या वर्षाच्या अखेरीस पोर्टल उघडलं, पण कंपन्यांवर सक्ती करणारा कायदा झालेला नाही. त्यासाठी लागणारं तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मोटारीबाबत जे आयोगाला दिसलं ते लॅपटॉपाबाबत दिसायला काय हरकत आहे?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर खरेदीचा क्षण आपल्या हातात आहे. पुढचा लॅपटॉप घेताना पडद्याचा रंग आणि वजन विचाराल, त्याच्याआधी विचारा: रॅमची खाच आहे का, किती आहेत, एक रिकामी आहे का? एसएसडी सुटी आहे का? बॅटरी स्क्रूने बसते की गोंदाने? मागचं झाकण साध्या स्टार स्क्रूने निघतं का? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर मॉडेलच्या क्रमांकावरून कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल तिथेच काढायला सांगा. ती निघाली नाही तर दुसरं मॉडेल दाखवा म्हणा.